क्लब हाऊसमधल्या कराओकेला स्पीकर कोणते घ्यावेत? १५ इंची जोडी की कॉलम?

सूरपेटी (कोथरूड)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत हौशी गाणाऱ्यांचा एक गट आहे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये कराओके असतं. गाणारे पंचवीसेक, ऐकणारे धरून पन्नास-साठ माणसं होतात. ट्रॅक लावणं, कोणाचा नंबर कधी, कोणाला पट्टी किती खाली हवी, कोणी तेच गाणं आधीच घेतलंय म्हणून कोण रुसलंय, हे सगळं माझ्याकडे असतं. आता आवाजाचं खातंही माझ्याकडे आलंय. ज्यांचा ट्रॉली स्पीकर होता ते मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले आणि जाताना ट्रॉली गटाला देऊन गेले.

हॉल साधारण ४० फूट लांब, २५ फूट रुंद. छत १० फुटांवर, खाली गुळगुळीत टाइल्स. एका आखूड भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्याच्यासमोर उभं राहून आम्ही गातो. पलीकडच्या आखूड भिंतीला सगळ्या सरकत्या काचा.

त्रास असा: पहिल्या रांगेतले कानावर हात ठेवतात आणि शेवटच्या रांगेतले "आवाज वाढवा" म्हणून खुणा करतात. आमच्यात एक काकू आहेत, अतिशय सुरेल, पण आवाज बारीक. त्यांचा माइक वाढवला की लगेच शिट्टी. त्यांच्यानंतर येणारे काका माइक नसला तरी गेटपर्यंत ऐकू जातील असे. शिवाय ट्रॅक मोबाइलवरून ब्लूटूथने लावला की टीव्हीवरचे शब्द आणि गाणं जुळत नाहीत.

वर्गणी काढून ९० हजार जमलेत. त्यात स्पीकर, मिक्सर, माइक, स्टँड सगळं बसवायचंय. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने १५ इंची अॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेली) जोडी सुचवली, "हजार-हजार वॅट, मॅडम, परत विचार नको". लेक म्हणतो कॉलम घे, म्हणजे तो उंच, बारीक खांबासारखा स्पीकर, दिसायलाही बरं. सामान माझ्या घरी राहणार, वॅगनारमधून जाणार आणि उचलणार बहुतेक मीच. बाणेरच्या एका कॅफेवाल्यानेही महिन्यातून एक जुन्या गाण्यांची संध्याकाळ करा म्हणून विचारलंय, तिथे तीसेक खुर्च्या आहेत. दोन्हीकडे चालेल असं काय घ्यावं?


बेसप्रेमी (चिंचवड)

१५ ला पर्याय नाही. लहान बॉक्समध्ये ढोलकीची थाप लागतच नाही, नुसती टिकटिक ऐकू येते. आणि मोठा बॉक्स अर्ध्यावर चालवलात तर तो निवांत चालतो, लहान बॉक्स पूर्ण पिळावा लागतो. दुकानदार बरोबर सांगतोय. जमलं तर पुढच्या वर्षी एक बेसचा वेगळा बॉक्सही जोडा.


जुना_ऑपरेटर (ठाणे, मूळ सांगलीचा)

ताई, आधी त्या हजार वॅटचं बघू. वॅट म्हणजे आतला अॅम्प्लिफायर स्पीकरला किती ताकद देऊ शकतो, बॉक्स आवाज किती काढतो ते नव्हे. त्यातही ठळक छापलेला असतो तो पीक, म्हणजे क्षणापुरता गाठता येणारा आकडा. तुमच्या ट्रॉलीवर बहुतेक पीएमपीओ असं लिहून काही हजारांचा आकडा असेल. तो सजावटीचा भाग समजा. ५०० वॅटचे १००० केले तर फरक पडतो ३ डेसिबलचा, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर "थोडा वाढला वाटतं" इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट.

माहितीपत्रकात बघायचा तो मॅक्झिमम एसपीएल, म्हणजे बॉक्स जास्तीत जास्त किती मोठा आवाज काढतो तो आकडा. यामाहाच्या डीबीआर १० चा कंपनी १२९ डेसिबल देते, एक मीटरवर, तोही क्षणापुरता. तुमची शेवटची रांग ११ मीटरवर धरा. मोकळ्या जागेच्या हिशेबाने २१ डेसिबल वाटेत गेले. गाण्यातल्या ठोक्यांसाठी आणखी १२ ते १५ बाजूला ठेवले. तरी शेवटच्या खुर्चीत नव्वदीच्या वर उरतात, आणि बंद हॉलमध्ये भिंती त्यात भरच घालतात. साठ माणसांना याहून जास्त ऐकवलंत तर पुढच्या महिन्यात तीस येतील. आणि ही १० इंची पेटी आहे, साडेदहा किलोची, एका हाताने गाडीत टाकता येते.

म्हणजे तुमच्याकडे ताकद कमी आहे म्हणून काकू ऐकू येत नाहीत, असं नाही. मी ऑर्केस्ट्रा केले, जत्रेत कर्णे बांधले, आता बरीच वर्षं ठाणे-डोंबिवलीकडे कराओकेचे कार्यक्रम सांभाळतो. या सगळ्यांत कराओके आवाजवाल्याला सर्वात अवघड, कारण माइक सतत उघडा असतो आणि तो धरणारं माणूस दर पाच मिनिटांनी बदलतं. ऑर्केस्ट्रातले गायक ठरलेले, त्यांना माइक कसा धरायचा ते शिकवावं लागत नाही. डीजेला तर माइक नावालाच लागतो, त्यामुळे डीजेचा सल्ला स्पीकरच्या बाबतीत घेऊ नये. तुम्हाला स्पीकर निवडायचाय तो सगळ्यात बारीक आवाजाच्या काकूंसाठी: त्यांचा आवाज शिट्टी न होता मागच्या खुर्चीपर्यंत, शब्दांसकट गेला पाहिजे. दणदणीत काकांना काय, ते ट्रॉलीवरही गातील.

आता खरेदीच्या आधीची गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. तुमचा हॉल फिरवा. आखूड भिंतीकडून गाताय म्हणून ४० फूट लांब आवाज फेकावा लागतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. पहिली रांग स्पीकरपासून ६ फुटांवर आणि शेवटची ३६ फुटांवर, म्हणजे दोघींत पंधरा-सोळा डेसिबलचा फरक. हॉलमध्ये तो कमी भरतो खरा, पण मागच्यांना जे जास्तीचं मिळतं ते भिंतींवरून फिरून आलेलं, म्हणजे शब्द लिबलिबीत. त्याऐवजी लांब भिंतीच्या मध्यावर गाणाऱ्याला उभं करा. मग हॉलची खोली २५ फूटच राहते, रांगा कमी आणि लांब होतात, सगळे जवळ येतात. शिवाय काचा समोरून हटून बाजूला गेल्या. आत्ता तुमचा आवाज त्या काचांवर आपटून सरळ माइकमध्ये परत येतोय. पडदे असतील तर तेही ओढून घ्या. जाड कापडाचेच हवेत, झिरझिरीत पडदा काही पीत नाही.

दुसरं म्हणजे तो टीव्ही. गाणारा शब्द वाचायला टीव्हीकडे तोंड करतो आणि श्रोत्यांकडे पाठ. माइक ऐकतो समोरचं आणि पाठीमागचं टाळतो. शुअरच्या एसएम५८ सारखा कार्डिऑइड माइक बरोबर मागून सर्वात कमी ऐकतो. गाणारा वळला की माइकचं ऐकणारं तोंड हॉलकडे झालं, म्हणजे हॉलमधून परत येणारं सगळं तो गोळा करणार. म्हणून शब्दांसाठी गाणाऱ्यासमोर, खाली, एका स्टँडवर टॅबलेट किंवा लहान स्क्रीन लावा. मोठा टीव्ही श्रोत्यांना बरोबर गुणगुणायला राहू दे.

स्पीकर दोन्ही बाजूंना, गाणाऱ्याच्या पुढे हात-दोन हात, स्टँडवर. स्पीकरचं वरचं हॉर्न बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या बरंच वर, सहा-सात फुटांवर हवं. खुर्चीवर ठेवलेला बॉक्स पहिल्या रांगेच्या पोटात वाजतो आणि मागच्यांना त्या रांगेचे खांदे ऐकू येतात. उंच केला की पहिली रांग थेट माऱ्यातून सुटते. आणि माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढे श्रोत्यांत फिरायची हौस असते ना, वाढदिवसाला हटकून कोणीतरी फिरतंच, ती मात्र बंद. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारून ठेवा: या रेघेपुढे माइक जाणार नाही.

१५ इंचीबद्दल बेसप्रेमींशी माझं जमणार नाही. मोठा कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, खालच्या सुरांना चांगला, पण १५ इंची कोन हजार हर्ट्झच्या आसपास पोचला की आवाज नाकासमोर फेकतो, बाजूला देत नाही. स्वस्त बॉक्समध्ये वरचा छोटा ड्रायव्हर त्याच्या बराच पुढे कामाला लागतो. मधला पट्टा, जिथे माणसाचे शब्द असतात, तोच बाजूच्या खुर्च्यांना कमी मिळतो. महागातला १५ इंची हे सांभाळतो, तुमच्या ९० हजारांतल्या जोडीचं मी सांगू शकत नाही. एक उदाहरण देतो: क्यूएससीच्या के.२ मालिकेत ८ इंचीचा आडवा फैलाव १०५ अंश, १० इंचीचा ९०, १२ इंचीचा ७५. आकार वाढवत गेलात की मारा अरुंद होत जातो. लांबवर फेकायचं असेल तर तो गुण आहे. २५ फूट खोल आणि ४० फूट पसरलेल्या हॉलला मात्र रुंद मारा पाहिजे.

आणि बेस म्हणाल, तर खालचे सूर स्पीकरच्या मागेही वळून येतात, गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतात आणि ती जाड "हूंऽऽ" सुरू होते. भिंतीतून वरच्या मजल्यावर जातो तोही बेसच. तक्रार करायला येणाऱ्या शेजाऱ्याला गाण्याचा एक शब्दही ऐकू आलेला नसतो, फक्त धबधब. कराओकेला सब, म्हणजे तो बेसचा वेगळा बॉक्स, घेऊ नका.

माझं मत: १० इंची अॅक्टिव्ह जोडी, चांगल्या नावाची. १२ इंची फार आवडली तर हरकत नाही, पण दुकानात उचलून बघा आणि मग तुमच्या घराचा जिना आठवा.


मांडवीकाठचा (पेडणे, गोवा)

कॉलमची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी गिटार घेऊन एकटा गातो, मागे ट्रॅक. कळंगूट-बागा पट्ट्यातली रेस्टॉरंट्स, सीझनमध्ये आठवड्याला बऱ्याच संध्याकाळी. जागा म्हणजे दोन टेबलं सरकवून केलेला कोपरा. तिथे दोन स्टँड उभे केले तर वेटर पहिल्याच फेरीत एखाद्याला अडखळतो. कॉलम माझ्या पाठीमागे उभा असतो, खाली त्याचा बेस, वर काठी. दहा मिनिटांत तयार. वेगळा मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकायला लावतात तो स्पीकर) लागत नाही, जे लोक ऐकतात तेच मी ऐकतो.

फैलावाचं म्हणाल तर बोझच्या एल१ मालिकेला कंपनी आडवा १८० अंश देते. म्हणजे अगदी बाजूच्या टेबलालाही शब्द कळतात. वर-खाली मारा अरुंद, त्यामुळे छतावरून परत येणारा गोंधळ कमी. जवळच्या टेबलावर आदळत नाही ही सगळ्यात मोठी गोष्ट. जेवणाऱ्या माणसाला बायकोशी बोलता आलं पाहिजे, नाहीतर मालक पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला बोलावतो.

तोटेही सांगतो. उघड्यावर, वारा असताना, कॉलम विरून जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या जोडाच्या पिना दर थोड्या दिवसांनी पुसाव्या लागतात. आणि तो पाठीमागे ठेवायचा म्हणजे माइकच्या तोंडासमोर आला. माझा आवाज मोठा आहे, ओठ माइकला लागलेले असतात, म्हणून चालतं. तुमच्या काकूंचं काय होईल ते ऑपरेटरदादाच सांगतील.

कॅफेला कॉलम आणि सोसायटीला जोडी, असं झालं तर उत्तम, पण ९० हजारांत दोन्ही होणार नाही.


सूरपेटी

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. हॉल फिरवायची कल्पना तर कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. कालच खुर्च्या आडव्या लावून नुसतं बोलून बघितलं, फरक कळतो. आता पुढचे प्रश्न. कॉलमचं पाठीमागे ठेवणं आम्हाला जमेल का? माइक वायरलेसच घ्यावेत असा गटाचा आग्रह आहे, कारण "वायर बरी दिसत नाही". मिक्सर लागतोच का, की स्पीकरलाच दोन माइक लावता येतात? आणि ब्लूटूथचं काय करू? शेवटचं म्हणजे आमच्याकडे सगळ्यांना इको भरपूर लागतो. इको कमी केला की "आज आवाज कोरडा येतोय" म्हणतात.


जुना_ऑपरेटर

कॉलमवाल्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे, आणि कॉलम पाठीमागे का चालतो ते त्यांनीच सांगितलंय: आवाज मोठा आणि ओठ माइकला. हौशी मंडळी माइक छातीशी धरतात, आइस्क्रीमच्या कोनासारखा. तोंडापासून माइकचं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. ८ इंचांवरून २ इंचांवर आणलात तर १२. एवढे १२ डेसिबल विकत घ्यायचे तर ॲम्प्लिफायर सोळापट मोठा लागेल, आणि तो लावूनही शिट्टी आधी होईल. म्हणून कार्यक्रमाआधी काकूंना एकटं बोलवा, दोन ओळी गाऊन घ्या, माइक हनुवटीच्या अगदी पुढ्यात धरायला सांगा. लाजतात, "तोंड दिसत नाही फोटोत" म्हणतात. फोटो आधी काढून घ्या. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मुठीत धरली की कार्डिऑइडपण संपलं, तो चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी तयारच. तरुण पोरं सिनेमात बघून तशी धरतात.

तुमच्या गटात कॉलम घ्यायचाच असेल तर तो मागे नाही, जोडीसारखाच बाजूला आणि पुढे ठेवा. मग जागा वाचवण्याचा त्याचा अर्धा फायदा गेला. लहान कॉलमची "लांबपर्यंत सारखा" ही ख्याती पहिल्या काही मीटरांपुरती असते, त्यापुढे तो इतरांसारखाच उतरतो.

वायरलेसवर गटाशी थोडं भांडा. स्वस्तातला वायरलेस जोड घेऊन बसलात की सेल उतरल्यावर आवाज कुरकुरतो, आणि तो नेमका अध्यक्षांच्या गाण्यात उतरतो. २.४ गिगाहर्ट्झवाले सोसायटीच्या वायफायच्या गर्दीत अडकतात, यूएचएफ त्या मानाने बरे. माझा सल्ला: दोन चांगले वायरचे माइक, एसएम५८ किंवा त्या तोडीचे, बंद-चालू बटण नसलेले. बटण असलं की गाणारा ते दाबतोच, आणि तुम्ही मिक्सरवर शोधत बसता की माइक मेला का. वायर १० मीटरची, जमिनीवर कापडी टेपने चिकटवून. खाकी पॅकिंग टेप लावू नका, टाइलवर गोंद राहतो आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी येतो. वायरलेस एक असू द्या, सूत्रसंचालनाला, म्हणजे तुम्हाला.

मिक्सर हवाच. अॅक्टिव्ह बॉक्सला मागे माइक लावायची सोय असते, पण दर गाण्याला स्पीकरच्या पाठीमागे जाऊन बटण फिरवणार का? यामाहाच्या एमजी१०एक्सयूसारखा छोटा मिक्सर पुरतो, त्यात इको-रिव्हर्ब आतच असतात. दोन बटणांची ओळख करून घ्या. एक म्हणजे ८० हर्ट्झखालचं कापणारं. ते सगळ्या माइकना कायम दाबलेलं. पंख्याचा वारा, माइक हातात फिरण्याची खडखड, प-फ चे फुगे, सगळं कमी होतं. पंख्यावरून आठवलं, गाणाऱ्याच्या डोक्यावरचा छताचा पंखा बंद ठेवा, पात्यांमुळे आवाज थरथरतो. दुसरं कॉम्प्रेसरचं एक गोल बटण. काका आणि काकू यांच्यातलं अंतर ते थोडं मिटवतं. थोडंच फिरवा. जास्त कॉम्प्रेस केलंत की गाणं थांबल्यावर हॉलचा आवाज वर चढतो आणि शिट्टी जवळ येते. जो गात नाही त्याच्या माइकचा आवाज मिक्सरवर खाली. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची जागा ३ डेसिबलने कमी होते. युगुलगीत सोडून दुसरा माइक उघडा कशाला?

इकोचं दुखणं सगळीकडे आहे. इको म्हणजे माइकचाच आवाज पुन्हा पुन्हा स्पीकरला पाठवणं, तोही शिट्टीला हातभार लावतो. टाइल्सच्या हॉलला स्वतःचाच घुमारा असतो. म्हणून हॉल रिकामा असताना इको लावू नका, माणसं बसल्यावर लावा. गाणाऱ्याला इको लागतो तो बहुधा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. त्याच्या पायाशी एक छोटा मॉनिटर तिरका ठेवा, इकोची मागणी निम्म्यावर येते. डीबीआर १० तिरकी आडवीही ठेवता येते. तुमची ती जुनी ट्रॉली फेकू नका, मिक्सरच्या मॉनिटरसाठीच्या आउटपुटमधून एक वायर देऊन तिलाच मॉनिटर करा. फक्त कार्डिऑइड माइक असेल तर मॉनिटर माइकच्या शेपटीच्या बरोबर समोर हवा. सुपरकार्डिऑइड घेतलात तर त्याचा बहिरा कोन बरोबर मागे नसतो, तिरका असतो, मग मॉनिटरही थोडा बाजूला सरकवा.

ब्लूटूथ सोडून द्या. आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा येतो. गाणाऱ्याला त्याचं काही नाही, तो ऐकू येईल त्याच्याबरोबर गातो. पण चित्र एका वाटेने टीव्हीला आणि आवाज दुसऱ्या वाटेने स्पीकरला गेला की दोघांचा उशीर वेगळा. मग शब्द पुढे, गाणं मागे. लॅपटॉपची एचडीएमआय टीव्हीला द्या, आवाज हेडफोनच्या भोकातून मिक्सरच्या स्टीरिओ चॅनेलला. गुणगुण आली तर सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर आणा, तिसरी पिन शाबूत आहे ना बघा. तरी राहिली तर आयसोलेटर मिळतो, छोटा डबा. मोबाइलवरूनच लावायचं असेल तर फोन विमान मोडवर. गाणं रंगात आलेलं असताना फोन वाजलेला मी पाहिलाय.

दोन्ही स्पीकरना एकच मोनो आवाज द्या. जुन्या व्हीसीडीच्या कराओकेत एका बाजूला गायकाचा आवाज, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत असायचं. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही ट्रॅकमध्ये अजून तसं सापडतं. लांबट हॉलमध्ये डावीकडे बसलेल्याला फक्त डावीकडचं ऐकू येणार. ट्रॅक आधी घरी दोन्ही कानांनी ऐकून घ्या, तसा निघाला तर नुसत्या संगीताची बाजूच वापरा.

पैसे आणखी ओढाताणीचे झाले तर दोन हलक्या दर्जाचे बॉक्स घेण्यापेक्षा एक चांगला १० इंची आत्ता, दुसरा वर्गणी जमल्यावर. फिरवलेल्या हॉलमध्ये एका बॉक्सवर बरंच निभावतं, आणि कॅफेच्या तीस खुर्च्यांना तर एकच नेलात तरी पुरे.


बेसप्रेमी

ऑपरेटरदादा, मान्य, पण १० इंचीवर तबला-ढोलकी ऐकून बघा आणि १५ वर ऐकून बघा. मी माझं मत बदललेलं नाही. शेजाऱ्यांचं म्हणाल तर ते १० इंचीलाही ओरडतात.


जुना_ऑपरेटर

ओरडतात, म्हणून वेळ पाळायची. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद हॉलला थोडी सूट असली तरी खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या आकड्यांपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. काचा उघड्या ठेवून तुमचा हॉल बंद राहत नाही, हे ताईंनी गटाला आधीच सांगावं. साडेनऊला शेवटचं गाणं जाहीर करा.

ढोलकीचा भाग खरा आहे. नाचायचं असेल तर बेसप्रेमींचं ऐका. गायचं असेल तर माझं.


मांडवीकाठचा

कॅफेबद्दल एक. मालकाला आधी विचारा की गाणी वाजवायचा परवाना त्याच्याकडे आहे का, आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) वगैरेंचा. सिनेमाची गाणी धंद्याच्या जागी जाहीर गायली-वाजवली की हक्काचा प्रश्न येतो आणि तो गाणाऱ्याच्या नव्हे, जागेच्या नावावर निस्तरलेला बरा. सोसायटीच्या घरगुती गटाला हा घोर नाही म्हणतात, पण तिकीट लावलंत की चित्र बदलतं. आणि कॅफेत कॉफी मशीनची वाफ सुटते तेव्हा कोमल सूर लावू नका, कुणाला कळत नाही.


सूरपेटी

ठरलं असं दिसतंय: १० इंची, आधी एक किंवा जमलं तर जोडी, छोटा मिक्सर, दोन वायरचे माइक, एक वायरलेस, ट्रॉलीचा मॉनिटर. पुढच्या आठवड्यात दुकानात ऐकायला जातेय. तिथे नेमकं काय ऐकू? ते लोक नेहमी एकच धडधडणारं गाणं लावतात.


जुना_ऑपरेटर

त्यांचं गाणं त्यांना वाजवू दे, मग बंद करायला सांगा. स्वतःचा माइक आणि स्वतःचा ट्रॅक घेऊन जा. काकूंनाही न्या, चहा पाजा, गायला लावा. तुम्ही स्पीकरच्या समोर उभ्या राहू नका. आधी बाजूला जा, पंचेचाळीस अंशांवर, आणि शब्द कळतात का बघा. मग दुकानाच्या दारात जाऊन पाठ करून उभ्या राहा. स स्वच्छ येतो की टोचतो, म आणि न वेगळे कळतात का, एवढंच ऐका. ट्रॅक चालू असताना माइक हळूहळू वाढवायला सांगा आणि शिट्टी कुठल्या खुणेवर येते ते कागदावर लिहा. दुसरा बॉक्स त्याच जागी ठेवून तेच पुन्हा. दुकान तुमच्या हॉलसारखं नाही, पण दोन बॉक्समधला फरक तिथेही कळतो.

आवाज एकदम खाली करूनही ऐका. मागे कुलिंगचा पंखा असलेल्या काही पेट्या शांत गाण्यात घरघरतात. स्टँडचं भोक ३५ मिलिमीटरचं आहे ना बघून घ्या, आणि बिल, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्ती पुण्यात होते की बॉक्स मुंबईला पाठवावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा.